फाइव्ह कॉल्स: अमेरिकेतल्या खासदाराला फोन करायला लावणारी सेवा

नोव्हेंबर २०१६मध्ये ट्रम्प निवडून आले आणि अमेरिकेत ठिकठिकाणी विरोधकांचे छोटे गट उभे राहिले. त्याच लाटेत जानेवारी २०१७मध्ये फाइव्ह कॉल्स सुरू झालं. वेबसाइट आणि अॅप, दोन्ही फुकट. काम एकच, आणि ते चोख होतं.

पत्ता टाकायचा, विषय निवडायचा. त्या विषयापुरते तुमचे सिनेटर किंवा प्रतिनिधी, त्यांचे फोन नंबर आणि वाचायचा मजकूर समोर येतो. इथे नुसत्या झिपकोडवर (अमेरिकेतल्या पिनकोडवर) भागवू नका. एका झिपकोडात दोन मतदारसंघ असू शकतात, आणि दुसऱ्याच्या कार्यालयात गेलेला फोन वाया जातो.

फोन बहुधा इंटर्न उचलतो. तो वाद घालत नाही. नाव, झिपकोड, विषय, बाजूने की विरोधात, एवढं टिपतो. एका मिनिटात उरकतं. पण दिलेला मजकूर जसाच्या तसा वाचणारे शेकडो असतात, म्हणून त्यात स्वतःचं एक वाक्य घालाच. 'हा नियम आला तर एच-४वरच्या माझ्या बायकोची नोकरी जाईल' (एच-४ म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) हे त्या इंटर्नच्या लक्षात राहतं.

व्हॉइसमेल लागला तर घराचा पूर्ण पत्ता सांगा. मजकुराच्या शेवटी तशी सूचना असते, तीच लोक गाळतात. पत्ता नसेल तर तुम्ही मतदारसंघातले आहात हे कळायचं कसं? मेलबॉक्स भरलेला असेल तर स्थानिक कार्यालयाचा नंबर लावा. फेब्रुवारी २०२५मध्ये सिनेटचे फोन अक्षरशः तुंबले होते, तेव्हा हाच मार्ग उरला होता. बोलायची भीती वाटत असेल तर रात्री करा, सरळ व्हॉइसमेल लागतो.

एच-१बीवरच्या मराठी मंडळींनीही बिनधास्त फोन करावा. प्रतिनिधी मतदारसंघातल्या सगळ्या रहिवाशांचा असतो. मात्र 'रहिवासी' एवढंच सांगा. नागरिक किंवा मतदार नसताना तसं म्हणणं इमिग्रेशनमध्ये फार महागात पडू शकतं.

उणिवा आहेत. विषयांची निवड उघडपणे डावीकडे झुकलेली आहे. वेगळं मत असेल तर नंबर घ्या आणि मजकूर स्वतः लिहा. साइटवरचा फोनांचा आकडा लोकांनी दाबलेल्या बटणांवरून येतो, कार्यालयाने किती नोंदवले त्यावरून नाही. भर मुख्यतः काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, त्यामुळे स्कूल बोर्डाच्या प्रश्नाला याचा उपयोग नाही. आणि फोन मतदानाच्या आधी गेला पाहिजे, म्हणून विधेयक कधी पटलावर येतंय ते काँग्रेसच्या संकेतस्थळावर आधी बघून ठेवा.