आठ महिने बाळाच्या वाढीचं अ‍ॅप वापरून: उंचीच्या आलेखाला पैसे का?

मुलगी दहा महिन्यांची असताना हे अ‍ॅप घेतलं. आता ती अठरा महिन्यांची आहे. चौदाव्या महिन्यापर्यंत मी भांडुपच्या आमच्या चाळीत दिसेल त्या आईला ते घ्यायला सांगत होते. आता सांगताना आधी हे सगळं सांगते.

उघडल्या उघडल्या वजनाचं हिरवं वर्तुळ दिसतं. चौदाव्या महिन्यात ८.३ किलो, म्हणजे हिरवं, आणि खाली 'बाळ छान वाढतंय'. मी निर्धास्त. त्याच आठवड्यात अंगणवाडीत गेले. सेविकाताई म्हणाल्या, "डोकं तुम्ही धरा, गुडघे मी दाबते. पाय सरळ झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही." आकडा आला ७०.५ सेंटीमीटर. मी गादीवर शिवणाची टेप लावून ७३ भरले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात त्या वयाच्या मुलीची खालची रेघ, जिच्याखाली वाढ खुंटली असं धरतात, ती ७१ ला आहे. माझी मुलगी रेघेखाली होती आणि वर्तुळ हिरवंच होतं.

टेप चुकीची लावली ती मीच, हे मान्य. पण कसं मोजायचं हे अ‍ॅपने एका ओळीतही सांगितलेलं नाही. त्यात रकाना एकच, 'उंची'. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजतात, नंतर उभं करून, आणि उभ्याने आकडा साधारण ०.७ सेंटीमीटर कमी येतो. बहिणीचा मुलगा सव्वीस महिन्यांचा, त्याच्या आलेखात अचानक खाच पडली ती यामुळेच. ती दोन रात्री झोपली नाही.

आणि उंचीचा आलेख पाहायचा तर महिन्याला १४९ रुपये! खुंटलेली वाढ उंचीतच कळते. वारंवारच्या जुलाबांचा आणि अपुऱ्या आहाराचा परिणाम गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंत साचत जातो, वजन ठीक दिसलं तरी. नेमकं तेच कुलपात. चार महिन्यांचे ५९६ रुपये भरले मी. तेवढ्यात ऐंशीएक अंडी आली असती. सेविकाताईंच्या मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर वजन आणि उंची दोन्ही भरतात, आणि आपल्याकडून कुणी पैसा घेत नाही.

आहाराच्या नोंदीबद्दल मात्र माझं मत पार बदललं. सुरुवातीला ती कटकट वाटायची. अन्नाच्या आठ गटांपैकी दिवसाला किमान पाच हवेत, आईचं दूधही त्यात धरलेलं. आमचे रोज तीनच भरायचे: अंगावरचं दूध, भात, वरण. नाचणीचं सत्त्व देते म्हणून मला समाधान होतं, पण ती धान्याच्याच गटात जाते. मग रोज उकडलेलं अंडं, लाल भोपळा, केळं, आणि रविवारी काटे काढलेला बोंबील सुरू केला. सासूबाईंनी चहात बुडवलेलं बिस्किट स्वतःहून थांबवलं.

पावसात जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं. चौथ्या दिवशी जुलाब थांबले, मी झिंक बंद करणार होते. अ‍ॅपची आठवण चौदा दिवस वाजत राहिली, म्हणून पूर्ण झालं. याबद्दल मनापासून आभार.

परवा अंगणवाडीत पुन्हा मोजलं: ७५.२. अठराव्या महिन्याची रेघ ७४.९ आहे. मी ताईंचा हात धरून तिथेच रडले.

पैसे भरणं या महिन्यापासून बंद केलंय. आहाराची नोंद फुकटात चालते, ती चालू आहे. उंची मी ताईंकडून मोजून घेते आणि माता व बाल संरक्षण कार्डावर पेनाने लिहिते.