परदेशी वृत्तवाहिन्यांचा संच, जून ते जानेवारी: वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी जून २०२४ मध्ये मी केबलवर परदेशी इंग्रजी वृत्तवाहिन्यांचा संच सुरू करून घेतला. निवडणूक आटोपताच तो बंद करण्यास कळवले, तरीही जानेवारीपर्यंत त्याचे पैसे बिलात लागत राहिले. त्यावरून केबलवाल्याशी झालेली बाचाबाची नुकतीच मिटली आहे, आणि राग पुरता निवलेला नसतानाच हे लिहीत आहे. २०१९ पासून केबलच्या बिलात जोडणीचा मूळ आकार वेगळा व निवडलेल्या वाहिन्यांचे पैसे वेगळे लागतात, त्यातलेच हे पैसे. चित्र आणि आवाज यांबाबत तक्रार नाही. आमचे घर गिरगावातले, दोन खोल्यांचे. टीव्ही एकच, आणि संध्याकाळी सात ते दहा तो सासूबाईंचा असतो, हा मात्र या अनुभवातला महत्त्वाचा तपशील आहे.

सुरुवात अपेक्षेपेक्षा चांगली झाली. २७ जूनची बायडन आणि ट्रम्प यांची वादचर्चा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिसली. ती आमच्याकडे पालिकेचे पाणी येण्याची वेळ असल्याने अर्धे लक्ष पिंपावर होते, तरीही ऐकण्यात काही अडले नाही, कारण अटलांटातील त्या स्टुडिओत प्रेक्षक नव्हते आणि एक जण बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद ठेवलेला होता. रात्री नऊच्या आपल्या चर्चांमध्ये आठ चौकटींतली आठ माणसे एकाच वेळी ओरडत असतात. त्यांची सवय झालेल्या कानांना दीड तास एका वेळी एकच आवाज ऐकू येणे हीच मोठी चैन वाटली, आणि त्या दिवशी विचारले असते, तर मी या संचाला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

दोष पुढे दिसू लागला. या वाहिन्यांना मागचे सांगण्याची सवयच नाही. पडद्याच्या तळाशी ‘ब्रेकिंग न्यूज’ची पट्टी सकाळपासून रात्रीपर्यंत हलत नाही, ती पाहून काहीतरी आत्ताच घडले आहे एवढे कळते, पण त्याच्या आधी काय घडले होते, हे सांगण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. १३ जुलैला पेन्सिल्व्हेनियातील बटलर येथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, २१ जुलैला, म्हणजे आपल्या गुरुपौर्णिमेच्या दिवशी रात्री अकरानंतर, बायडन यांनी माघार घेतली, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत पहिल्या बातमीचा मागमूस राहिला नाही. तीन आठवडे ज्या माणसाच्या वयावर अहोरात्र चर्चा चालली होती, त्याचे वय हा विषयही एका रात्रीत संपला.

याचा खरा त्रास गणपतीत जाणवला. आम्ही कोकणात गावी होतो आणि १० सप्टेंबरची, बायडन यांच्या जागी उमेदवार झालेल्या कमला हॅरिस आणि ट्रम्प यांची वादचर्चा आपल्याकडील ११ तारखेच्या सकाळी झाली, त्या दिवशी घरात गौरीपूजन होते. गौरी-गणपतींचे विसर्जन करून मुंबईला परतल्यावर वाहिनी लावली, तर चार तज्ज्ञ गंभीर चेहऱ्याने ओहायोतील स्प्रिंगफील्ड या गावातील कुत्र्यामांजरांविषयी बोलत होते. हे गाव कोठून आले, कुत्र्यांचा निवडणुकीशी संबंध काय, याचा उलगडा पुढच्या तासातही झाला नाही. स्थलांतरित लोक पाळीव प्राणी खातात असा दावा ट्रम्प यांनी त्या चर्चेत केला होता आणि त्याला विश्वसनीय आधार नसल्याचे तेथील नगर प्रशासनाने सांगितले होते, हे मला शेवटी फोनवर शोधून वाचावे लागले. मग दर महिन्याला पैसे मोजून घेतलेल्या वाहिनीचा उपयोग काय?

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मालिका लावली. गावी वीज जात-येत असल्याने त्यांचेही तेवढेच भाग बुडाले होते. ‘मागील भागात’ म्हणून जे मिनिटभर दाखवतात, त्यात नेकलेस कोणाच्या कपाटात सापडला आणि लग्न का मोडले, एवढे उमगले; उरलेले समोरच्या बिऱ्हाडातील काकूंनी दारातच उभे राहून सांगितले, तेही कोण खोटे बोलते आहे आणि ते खोटे कोणत्या सणाच्या भागात पहिल्यांदा बोलले गेले होते, या खुलाशासह. बातम्यांची मालिका झाली आहे, अशी तक्रार सुशिक्षित मंडळी नेहमी करतात. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. मालिकेची निदान एवढी एक शिस्त तरी बातम्यांनी उचलायला हवी होती. मालिका लिहिणाऱ्याला भीती असते, की मागचा धागा सुटला तर काकू खपवून घेणार नाहीत. वाहिनीवरच्या निवेदकाला तशी कोणाची भीती दिसत नाही.

काकू अधूनमधून आमच्याकडे बातम्याही पाहत. ऑक्टोबरात एकदा त्यांनी सहज विचारले, ‘‘अगं, त्या माणसावर गोळी झाडली होती ना? मग बंदोबस्त बघणाऱ्यांचं पुढे काय झालं?’’ सुरक्षा यंत्रणेच्या प्रमुख किंबर्ली चीटल यांनी २३ जुलैलाच राजीनामा दिला होता; मला तो आठवत होता म्हणून उत्तर देता आले, पण समोर चालू असलेल्या वाहिनीवर त्याचा उल्लेखही ऐकू येत नव्हता.

येथे एक जुनी गोष्ट नोंदवते, कारण ती माझ्या मुद्द्याला धरून आहे. १९७३ मध्ये वॉटरगेट प्रकरणाची, म्हणजे ज्यापायी अध्यक्ष निक्सन यांना पुढे राजीनामा द्यावा लागला त्या प्रकरणाची, सिनेटपुढील सुनावणी दिवसा होत असे, आणि ती दाखवायची तर दुपारच्या मालिका रद्द कराव्या लागत. प्रेक्षकांची आणि जाहिरातींची चिंता होतीच. तेव्हा अमेरिकेतील तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी पाळी लावून घेतली, म्हणजे एका दिवशी एकीच्याच मालिका बुडत. आणि दिवसा जे झाले, ते सार्वजनिक वाहिनीवर रात्री पुन्हा दाखवले जाई. दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसाला घटनाक्रम कळावा याची अशी सोय पन्नास वर्षांपूर्वी होती, आणि आता चोवीस तास हाताशी असताना ती नाही.

ऑक्टोबरअखेर संच बंदच करणार होते. दिवाळीचा खर्च आणि मालिकांचे दिवाळी विशेष भाग या दोन्हींपुढे त्याचा निभाव लागण्यासारखा नव्हता. पण ६ नोव्हेंबरने, म्हणजे मतमोजणीच्या दिवसाने, माझे मत बरेच बदलले. भिंतीएवढ्या पडद्यावर बोट फिरवून राज्याराज्याचा नकाशा दाखवण्याचा जो प्रकार आहे, त्याला मी तोवर पोरखेळ समजत होते. त्या दिवशी रजा टाकून तो नीट पाहिला, तेव्हा त्याची किंमत कळली. पेन्सिल्व्हेनियातील एखाद्या काउंटीवर, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागावर, बोट ठेवले की किती मते मोजायची उरली आहेत ते दिसे, आणि लगेच तेथेच २०२० मध्ये आणि २०१६ मध्ये काय झाले होते तेही दिसे. साऱ्या वाहिनीवर मागचे लक्षात ठेवणारी तेवढी एकच वस्तू होती.

निकाल मात्र दोन वाहिन्यांवर दोन वेगळे दिसत होते आणि त्यामुळे सासूबाई वैतागल्या. ‘‘आयोग काय म्हणतो ते बघ ना,’’ असे त्यांचे म्हणणे. देशभराचा निकाल त्याच दिवशी जाहीर करणारा आपल्यासारखा आयोग तेथे नाही, प्रत्येक राज्य आपापली मोजणी करते आणि विजेता कोण हे आधी वृत्तसंस्था व वाहिन्या आपापल्या हिशेबाने सांगतात, हे त्यांना पटवताना माझी दमछाक झाली. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था हे काम १८४८ पासून करीत आली आहे. ‘फॉक्स’ वाहिनीने ट्रम्प यांचा विजय आपल्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सांगून टाकला, असोसिएटेड प्रेसने विस्कॉन्सिन हाती आल्यावर, आपल्या चारच्या पुढे सांगितला. मधल्या पावणेचार तासांत एका बटणावर निवडणूक संपलेली होती आणि दुसऱ्या बटणावर चालू होती. हा फरक का पडतो, हे नवख्या प्रेक्षकाला समजेल असे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. अध्यक्ष थेट जनतेच्या मतांवर नव्हे, तर राज्याराज्यांना वाटून दिलेल्या ५३८ निर्वाचक मतांवर ठरतो, हे मात्र सासूबाईंना लवकर कळले. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत २०२२ साली महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते, हे त्यांनी तेव्हा पेपरात वाचलेले होते.

२०२० मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला आणि निकाल ७ तारखेला, असा घोळ झाल्याने मी चार दिवसांची तयारी ठेवली होती. ती कामी आली नाही. संध्याकाळी सातला मालिका वेळेवर लागली. शेवटी ट्रम्प ३१२ आणि हॅरिस २२६ असा निकाल लागला, आणि अटीतटीची म्हणून महिनोन्‌महिने गाजवलेली सातही राज्ये ट्रम्प यांच्याकडे गेली. मतदानाच्या तोंडावर आयोवात हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याची एक चाचणी प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यावर तासन्‌तास चर्चा झाली होती. तेथे ट्रम्प तेरा टक्क्यांनी जिंकले. त्यानंतर त्या चर्चेतील मंडळींनी स्वतःचेच जुने बोलणे काढून दाखवले असेल, या आशेने मी दोन दिवस वाहिनी चालू ठेवली. तसे काही दिसले नाही. तोवर आपल्या विधानसभेचे २० नोव्हेंबरचे मतदान जवळ आले होते आणि घरातील साऱ्यांचे लक्ष तिकडे वळले.

संच बंद करण्याचा निरोप मी व्हॉट्सअ‍ॅपवर दिला होता. ‘‘मॅडम, ते सिस्टीममध्ये आपोआप रिन्यू होतं,’’ हे केबलवाल्याचे उत्तर ऐकून घेतल्यावर मी तो तारखेसह दाखवला, तेव्हा जादा पैसे पुढच्या बिलात वळते करून देण्याचे कबूल झाले. कराचा भाग वगळून. तो करही मी सोडलेला नाही, पण त्यासाठी पुन्हा भांडायला रविवारची सकाळ काढावी लागेल.

ज्यांना हा संच घ्यायचा असेल, त्यांनी पूर्ण हंगामासाठी घेऊ नये. ३ नोव्हेंबर २०२६ ही तेथील काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, मध्यावधी निवडणुकीची तारीख. मी त्या एका महिन्यापुरता, नकाशासाठी, घेईन आणि सुरू करतानाच बंद करण्याची तारीख लिहून देईन.