चेक-इन चेक-आउट: मागे पडलेल्या मुलासाठी रोजचा थोडासा आधार, पण नीट चालवला तरच

अभ्यासात मागे पडलेल्या, वर्गात सतत चिडणाऱ्या किंवा हळूहळू बोलेनाशा झालेल्या मुलांसाठी शाळा बरंच काही करून पाहतात. एकदिवसीय शिबिर होतं, व्याख्यान होतं, भिंतीवर सुविचार लागतात. त्या मानाने ‘चेक-इन चेक-आउट’ ही पद्धत दिसायला अगदी मामुली आहे. एक ठरलेलं मोठं माणूस, एक कागदी कार्ड, सकाळी दोन मिनिटं, प्रत्येक तासाच्या शेवटी अर्धं मिनिट आणि शाळा सुटताना पाच मिनिटं. आमचं मत आधीच सांगतो: मन लावून चालवणार असाल तर ही पद्धत जरूर घ्या, आणि अर्धवट चालवायची असेल तर सुरूच करू नका. अर्धवट चाललेलं कार्ड मुलाच्या हातात रोज स्वतःच्या अपयशाची पावती ठेवतं.

ही पद्धत अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या शाळांमध्ये आकाराला आली. डीअ‍ॅन क्रोन, लीअ‍ॅन हॉकेन आणि रॉबर्ट हॉर्नर यांनी 2004 मध्ये तिची सविस्तर कार्यपद्धती मांडली. तिची जागा मधल्या पायरीवर आहे. सगळ्या वर्गासाठी जे केलं जातं ते ज्यांना पुरत नाही, पण ज्यांना लगेच समुपदेशकाकडे स्वतंत्र बसवण्याइतकी गरजही नाही, अशा मुलांसाठी ती आहे.

दिवस असा चालतो. मूल शाळेत आलं की वर्गात जाण्याआधी समन्वयकाला, म्हणजे त्या ठरलेल्या मोठ्या माणसाला, भेटतं. हा समन्वयक शिक्षकच असायला हवा असं नाही. ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, कार्यालयातल्या ताई, कोणीही चालेल. मुलांना ते माणूस आवडलं पाहिजे आणि ते रोज त्याच वेळी त्याच जागी सापडलं पाहिजे, या दोन अटी मात्र पक्क्या. एका माणसाकडे 15 ते 20 पेक्षा जास्त मुलं देऊ नयेत. सकाळी रांग लागली की भेटीचं रूपांतर हजेरीत होतं.

सकाळच्या त्या दोन मिनिटांत काय बोललं जातं, यावर अर्धं यश ठरतं. चांगली भेट अशी असते: “आलास? बरं झालं. वही-पेन आहे ना? गणिताचं पुस्तक राहिलं? हे घे, सुटताना परत दे. आज कुठला तास जड जाईल असं वाटतंय?” मूल म्हणतं, “चौथा.” “मग चौथ्या तासाला अडलास की लगेच हात वर करायचा, एवढं एकच आज लक्षात ठेव.” झालं. यात कालच्या भांडणाचा विषय नाही, “आज तरी नीट वाग” नाही. काल कार्डावर फक्त 9 गुण मिळाले असले तरी स्वागतात फरक पडता कामा नये. आपण कसेही वागलो तरी हे माणूस आपल्याला पाहून खूश होतं, हे मुलाला रोज दिसणं हाच या पद्धतीचा गाभा आहे. बाकी सगळं त्याच्याभोवतीची व्यवस्था.

आता कार्ड. आडव्या ओळींत तास, उभ्या रकान्यांत 3 अपेक्षा. 5 च्या वर कधीही जाऊ नये, आणि लहान मुलांना 3 सुद्धा पुष्कळ होतात. अपेक्षा ‘काय करायचं’ अशा भाषेत लिहाव्यात. “गोंधळ घालू नये” असं लिहिलं तर शिक्षक गोंधळच शोधत बसतात. “काम सुरू केलं”, “अडल्यावर मदत मागितली”, “बोलण्याआधी हात वर केला” असं लिहिलं की तीच नजर जमलेल्या गोष्टीकडे वळते. प्रत्येक चौकटीत 0, 1 किंवा 2. जमलं तर 2, थोडं जमलं तर 1, अजून जमायचंय तर 0. तीनच पायऱ्या असल्यामुळे शिक्षकाला विचार करत बसावं लागत नाही. दहापैकी गुण द्यायला सांगणारी कार्डं पाहायला मिळतात, ती टाळा. सहा आणि सात यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही आणि मूल त्यावर हुज्जत घालत बसतं.

हिशेब करून पाहू. 6 तास, 3 अपेक्षा, कमाल 2 गुण, म्हणजे दिवसाचे 36. नेहमीचं ध्येय 80 टक्के असतं, म्हणजे 29. इथेच पहिली मोठी चूक होते. जे मूल आज 17 वर आहे त्याला पहिल्याच दिवशी 29 चं लक्ष्य दिलं, तर आठवडाभर ते रोज नापास होतं आणि शुक्रवारी कार्ड फाडून टाकतं. त्यापेक्षा आधी 3 ते 5 दिवस काहीही ध्येय न ठेवता नुसती नोंद करावी. सरासरी 17 आली, म्हणजे सुमारे 47 टक्के, तर पहिलं ध्येय 60 टक्के, म्हणजे 22 ठेवावं. ते पाचपैकी चार दिवस गाठलं गेलं की 25, मग 29. पहिल्या आठवड्यात मूल जिंकलंच पाहिजे. ज्याला शाळेत बरेच दिवस काहीच जमलेलं नाही, त्याचा विश्वास भाषणाने बसत नाही. कार्डावरच्या आकड्याने बसतो.

ताणाच्या दृष्टीने या कार्डाचा सर्वांत मोठा फायदा वेगळाच आहे. खचलेल्या मुलाचा दिवस एका घटनेत संपतो. दुसऱ्या तासाला ओरडा बसला की त्याच्या लेखी उरलेले चार तास वाया गेलेले असतात, आणि मग ते खरंच वाया जातात. कार्ड दिवसाचे तुकडे पाडतं. दुसऱ्या तासाला तिन्ही शून्यं पडली तरी 30 गुण अजून हातात आहेत, म्हणजे 22 चं ध्येय अजून पूर्णपणे शक्य आहे. हे शिक्षकांनी तोंडाने सांगितलं पाहिजे: “हा तास गेला. पुढचे चार मोकळे आहेत.”

तासाच्या शेवटच्या त्या अर्ध्या मिनिटाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. शिक्षक घाईत असतात, कार्ड टेबलावर पडून राहतं आणि शेवटच्या तासाला कोणीतरी सगळे रकाने एकदम भरून टाकतं. अशा कार्डाचा उपयोग शून्य. मुलाने 11 वाजता मदत मागितली, तर त्याची दाद 11 वाजून 10 मिनिटांनी मिळाली पाहिजे. दाद देताना नेमकं काय केलं ते सांगावं: “दुसरं उदाहरण अडलं तेव्हा तू पाटी पुसून पुन्हा सुरुवात केलीस, म्हणून 2.” “शाब्बास, हुशार आहेस” एवढंच म्हणू नये. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीची स्तुती झालेली मुलं पुढचं काम अवघड गेल्यावर लवकर खचली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं टिकून राहिली. शून्य देतानाही हेच लागू: “आज काम सुरू व्हायला वेळ लागला. उद्या पहिली ओळ आपण मिळून लिहू.” एका वाक्यात थांबायचं. कार्डावर तक्रार लिहायची नाही. शेऱ्यांसाठी जागा ठेवायचीच असेल तर त्यावर ‘आज जमलेली गोष्ट’ असं छापून घ्यावं, म्हणजे दुसरं काही लिहायला जागाच उरत नाही.

कार्ड धमकी म्हणून वापरणं हा यातला सर्वांत घातक प्रकार. “थांब, तुझं कार्डच घेते” असं एकदा वर्गासमोर म्हटलं की त्या दिवसापासून मूल कार्ड हरवायला लागतं. कार्ड हरवलं तर दुसरं द्यावं, कारण विचारू नये, आणि गेलेल्या तासांचे गुण शिक्षकांना विचारून भरावेत. मिळवलेले गुण कुठल्याही कारणाने कापायचे नाहीत. गैरवर्तनाची शिक्षा शाळेच्या नियमांप्रमाणे व्हायची ती होऊ दे, तिचा कार्डाशी संबंध जोडू नये.

शाळा सुटतानाची भेट: बेरीज मुलालाच करू द्यावी, ध्येय गाठलं असेल तर कौतुक, नसेल तर सर्वांत चांगल्या तासावर बोट ठेवून “इथे काय वेगळं केलंस?” एवढा एकच प्रश्न. बक्षीस द्यायचंच असेल तर वस्तूपेक्षा वेळ द्यावा: आवडत्या शिक्षकांबरोबर 10 मिनिटं, फळा पुसण्याचा मान, धाकट्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवणं. समन्वयक रजेवर असेल त्या दिवसासाठी बदली माणूस आधीच ठरवून मुलाला भेटवून ठेवावं. बंद दार पाहून परत फिरलेलं मूल पुन्हा येईलच, याची खात्री नाही.

घरी जाणाऱ्या भागाबद्दल आमचे हात थोडे आखडते आहेत. मूळ पद्धतीत पालकांची सही घेतली जाते. जिथे घरी सही म्हणजे चौकशी आणि मार असतो, तिथे कार्ड घरी पाठवूच नये. शाळेतल्याच दुसऱ्या मोठ्या माणसाची सही घ्यावी. जिथे पाठवायचं तिथे पालकांना सुरुवातीलाच भेटून एकच विनंती करावी: आधी सर्वांत मोठा आकडा शोधा आणि त्याबद्दल बोला, शून्यांबद्दल शाळा बोलली आहे.

आता मर्यादा. ही पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही, आणि कोणाला पडत नाही हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोठ्यांचं किंवा मित्रांचं लक्ष हवं म्हणून ज्यांचं वागणं बिघडतं, त्यांना ती चांगली लागू पडते. काम टाळता यावं म्हणून जे गोंधळ घालतात, त्यांच्यावर नेहमीच्या स्वरूपात ती फारशी चालत नाही. संशोधक रॉबर्ट मार्च आणि हॉर्नर यांच्या 2002 च्या अभ्यासात हा फरक दिसला आणि नंतरच्या काही अभ्यासांतही तो दिसला. कारण उघड आहे. जे मूल वाचता येत नाही म्हणून पुस्तक फेकतं, त्याला सकाळी कितीही प्रेमाने भेटलात तरी तिसऱ्या तासाला तोच परिच्छेद समोर येणार. तेव्हा आधी पाहा: गडबड कुठल्या तासाला होते, त्याआधी लगेच काय घडतं, आणि नंतर मुलाला काय मिळतं? वर्गाबाहेर काढल्यावर मूल सुटल्यासारखं दिसत असेल तर उत्तर मिळालं. अशा मुलासाठी कार्डात बदल करावा लागतो. ‘मदत मागितली’ आणि ‘थांबण्याची परवानगी मागितली’ या अपेक्षा घालाव्यात, ठरावीक वेळा 2 मिनिटांची विश्रांती खुणेने मागू द्यावी, आणि सोबत वाचनाची किंवा गणिताची खरी शिकवणी सुरू करावी. शिकवणीशिवाय हे कार्ड अशा मुलाच्या कामाचं नाही.

गप्प राहणाऱ्या मुलांकडे या पद्धतीचं लक्ष उशिरा जातं, कारण त्यांची तक्रार कोणी करत नाही. त्यांच्यासाठी ‘एकदा तरी उत्तर दिलं’, ‘शेजाऱ्याशी कामाबद्दल बोललो’ अशा अपेक्षा ठेवता येतात, पण सगळ्यांसमोर कार्ड हातात घेऊन फिरणं त्यांना जाचक होऊ शकतं. कार्ड वहीत चिकटवावं, गुण बोटाने दाखवावेत. परीक्षेची भीती हा वेगळाच विषय आहे आणि कार्ड त्याला पुरत नाही. तिथे सकाळच्या भेटीत दोन छोट्या गोष्टी जोडाव्यात. पेपरच्या आधी 10 मिनिटं मनातली धास्ती कागदावर उतरवून काढायची. रमीरेझ आणि बायलॉक यांच्या 2011 च्या प्रयोगांत परीक्षेला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा फायदा झाला. आणि हात थरथरायला लागले की 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. मात्र हे शांत दिवशी शिकवून ठेवलेलं असावं. घाबरलेल्या मुलाला ऐन वेळी श्वास मोजायला सांगितलं तर त्याला ती आणखी एक परीक्षा वाटते. मूल जेवत नाही, झोपत नाही, जगण्याबद्दल निराशेचं बोलतं, अशी लक्षणं दिसली तर कार्ड बाजूला ठेवून त्याच दिवशी पालक आणि तज्ज्ञांना गाठावं.

दर दोन आठवड्यांनी आकड्यांचा आलेख पाहणं या पद्धतीतच बसवलेलं आहे, आणि तेच सर्वांत आधी बंद पडतं. एकाच तासाला सतत शून्यं असतील तर अडचण बहुधा त्या तासात आहे; बसण्याची जागा, कामाची पातळी आणि शिक्षकांशी असलेलं नातं तपासा. सगळीकडे सारखी घसरण असेल तर घरी किंवा मित्रांत काहीतरी घडलंय. चार आठवडे होऊन काहीच हललं नाही, तर कार्ड तसंच रेटू नये, बदलावं.

कार्ड बंद करतानाही घाई नको. सलग 4 ते 6 आठवडे 80 टक्के टिकले की मुलाने स्वतःचे गुण स्वतः द्यायचे आणि शिक्षकांनी वेगळे द्यायचे. दोघांचे आकडे जुळायला लागले की शिक्षकांचे गुण थांबवायचे. मग रोजच्या ऐवजी दिवसाआड, मग फक्त सोमवार आणि शुक्रवार. सकाळची भेट मात्र सर्वांत शेवटी बंद करावी, आणि तीही मुलाला विचारून. पुढे गुण पुन्हा घसरले तर दोन आठवड्यांसाठी जुनं कार्ड परत सुरू करावं, ध्येय मात्र पूर्वीपेक्षा कमी ठेवून.