एम.जी. रोडवरचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान: बायोस अपडेटनंतरच्या वॉर्निंग आधी वाचल्या, मग मशीनला हात लावला

मी नाशिकला पंचवटीत घरूनच लग्नाच्या अल्बमचं डिझायनिंग करते. तुळशीचं लग्न झालं की फोटोग्राफर लोकांच्या हार्डडिस्क येऊन पडतात आणि मशीन दिवसरात्र चालू असतं, त्यामुळे ते बंद पडणं मला परवडतच नाही. डेस्कटॉप असेंबल करून घेतलेला आहे, इतक्या वर्षात कधी त्रास नाही. झालं असं की सिक्युअर बूटची (मशीन चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) २०११ सालची सर्टिफिकेट जून २०२६ पासून संपायला लागतात, त्यांच्या जागी २०२३ ची लागणार, हे वाचलं होतं, इव्हेंट व्ह्यूअरमधे, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, टीपीएम-डब्ल्यूएमआय नावाने १८०१ नंबरची नोंद पण येत होती तीच सांगत, आणि बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर नवीन बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, दिसला म्हणून रविवारी पेनड्राइव्हवर घेऊन टाकला. अपडेट शंभर टक्के झाला, मशीन रीस्टार्ट झालं आणि समोर निळी स्क्रीन, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की टाका म्हणून.

की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह होती, मोबाइलवर उघडून एकेक आकडा बघून टाईप केला, विंडोज चालू झालं. पण त्यानंतर मशीन आधीसारखं राहिलं नाही. बारा मिनिटात होणारा एक्सपोर्ट पंधरा-सोळा मिनिटं घ्यायला लागला, मधेच दोन सेकंद स्क्रीन काळी व्हायची, एकदा तर आलीच नाही म्हणून पॉवरचं बटण दाबून धरून बंद केलं. इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर सिस्टिम लॉगमधे पिवळ्या त्रिकोणांची रांग, डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग), इव्हेंट १७, तासाला तीनशेच्या वर, आणि मधे मधे लाल खूण, कर्नल-पॉवर ४१. जवळच्या एकाला दाखवलं, त्याने पाच मिनिटं बघितलं आणि मदरबोर्ड गेला, चौदा हजार लागतील म्हणाला. रात्रभर झोप नाही, दोन अल्बम द्यायचे होते त्याच आठवड्यात.

मग एका फोटोग्राफर दादांनी हे एम.जी. रोडचं दुकान सांगितलं. कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षाने होळकर पुलावरून रविवार कारंजा करत गेले. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आहे, जड कॅबिनेट असेल तर सोबत कोणीतरी घेऊन जाच.

तिथल्या दादांनी कॅबिनेट उघडलं नाही. आधी की-बोर्ड मॉनिटर लावला आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडून पहिलं काम काय केलं तर पूर्ण सिस्टिम लॉग पेनड्राइव्हवर सेव्ह करून घेतला. म्हणाले, ताई, हा लॉग साधारण वीस एमबीचा असतो, भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, तुमच्याकडे सतरा नंबरच्या इतक्या आल्यात की मागच्या आठवड्यातलं सगळं जायला लागलंय. हे मला माहीतच नव्हतं. मग फिल्टर लावून फक्त डब्ल्यूएचईए ठेवलं आणि सगळ्यात जुनी नोंद दाखवली, ती रविवारी संध्याकाळची, बायोस टाकल्यानंतर विंडोज पहिल्यांदा चालू झालं त्याच मिनिटाची. त्याच्या आधी एकही नाही. बोर्ड गेला असता तर नेमका त्याच मिनिटाला कसा गेला असता, असं त्यांनीच विचारलं मला.

पुढचं तर मी कधी कोणाला करताना बघितलं नाही. त्यांनी एक नोंद उघडून खाली वाचून दाखवलं: करेक्टेड हार्डवेअर एरर, म्हणजे चूक झाली पण मशीनने स्वतःच दुरुस्त केली, कंपोनंट पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट, म्हणजे कार्डं बोर्डाला जिथून जोडलेली असतात तो मार्ग, आणि त्याच्या खाली बस, डिव्हाइस, फंक्शन असे तीन आकडे, शून्य, तीन, एक. मग डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन एकेका पोर्टचं लोकेशन बघत गेले, शून्य-तीन-एक सापडलं, कनेक्शनप्रमाणे यादी लावली तर त्याच्याखाली माझं ग्राफिक कार्ड. आता कुठे त्यांनी कॅबिनेटची काच काढली. माझं कार्ड बोर्डात थेट बसवलेलं नाही, रायझर केबलवर, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या केबलवर, उभं लावलंय, टॉर्च मारून केबलवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली, थ्री पॉइंट झिरो.

तर कारण असं निघालं. केबल जेन थ्रीची, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची, बोर्ड आणि कार्ड दोन्ही जेन फोरचे, ज्याने मशीन असेंबल केलं त्याने तेव्हाच बायोसमधे तो स्लॉट जेन थ्रीवर धरून ठेवला होता. बायोस अपडेट झाला की बऱ्याच बोर्डांवर सगळ्या सेटिंग मूळच्या होतात, स्लॉट ऑटोवर गेला, कार्ड जेन फोरच्या म्हणजे दुप्पट वेगाने बोलायला लागलं आणि केबलला ते झेपेना. त्याच सेटिंगबरोबर रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी पण बंद झालेलं, टास्क मॅनेजरमधे मेमरीचा स्पीड २१३३ दिसत होता आणि माझी रॅम ३२०० ची आहे. एक्सपोर्ट हळू का होत होता ते तिथल्या तिथे कळलं.

स्लॉट जेन थ्री, एक्सएमपी चालू, सेव्ह, रीस्टार्ट. नंतर अर्धा तास माझीच अल्बमची फाइल चालवून ठेवली, सतरा नंबरची एक पण नोंद आली नाही. मी म्हटलं जेन फोरची केबलच बदलून टाका ना, पैसे देते, तर म्हणाले तुमच्या कामात फरक जाणवणार नाही, उगाच खर्च नको. विकायला त्यांच्याकडे केबल होती तरी विकली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बाकीच्या नोंदींचं पण एकेक करून सांगितलं. ४१ ही नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, कशामुळे ते सांगत नाही, आणि माझी तर मीच बटण दाबल्याची होती. डिस्ट्रिब्युटेडकॉम नावाच्या १००१६ नंबरच्या नोंदी कितीही दिसल्या तरी सोडून द्यायच्या, मायक्रोसॉफ्टने स्वतःच तसं सांगितलेलं आहे. पण डब्ल्यूएचईएची १८ नंबरची आली, म्हणजे दुरुस्त न झालेली, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायची. आणि पुढच्या वेळी बायोस टाकण्याआधी बिटलॉकर सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं बंद, करायचं आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

पैसे सहाशे घेतले. दोन तास गेले, पण सगळं माझ्यासमोर केलं. तक्रार म्हणाल तर दुपारी फोन उचलत नाहीत, मी चार वेळा लावला होता, आणि बिल हातानेच लिहून दिलं, तेही मागितल्यावर. गाडी घेऊन जाऊ नका, तिथे लावायला जागा मिळत नाही, रिक्षाच बरी.

नुसत्या वॉर्निंग दिसत असतील आणि मशीन चालू असेल तर कॅबिनेट नेण्याआधी इव्हेंट व्ह्यूअरमधे सिस्टिमवर राइट क्लिक करून लॉग सेव्ह करा आणि ती फाइल त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, ते बघून सांगतात आणायची गरज आहे का. माझ्या नणंदेच्या लॅपटॉपचं असंच केलं परवा, तिला आणू नका म्हणाले.