झेड-ओएसची डायनॅमिक लिंकलिस्ट: पाचपैकी चार स्टार

झेड-ओएस म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि लिंकलिस्ट म्हणजे प्रोग्रॅम शोधताना ती ज्या लायब्रऱ्या बघते त्यांची यादी. आयपीएल (म्हणजे सिस्टिम रीबूट) न करता चालू मशीनवर लोड लायब्ररी (चालवायला तयार प्रोग्रॅमचा साठा) बदलता येते म्हणून मला हे फीचर जाम आवडतं, पण गाफील राहिलात तर रात्र गेलीच म्हणून समजा. आमच्याकडे एका भावाने जागा संपली म्हणून लिंकलिस्टमधली पीडीएस (अनेक मेंबर, म्हणजे इथे प्रोग्रॅम, ठेवणारी लायब्ररी फाइल) सरळ कॉम्प्रेस केली, म्हणजे मधली वाया गेलेली जागा काढून मेंबर एकत्र सरकवले, आता एलएलएकडे (लायब्रऱ्यांची डिरेक्टरी मेमरीत ठेवणारा सिस्टिमचा भाग) जुन्याच डिरेक्टरीची कॉपी, मेंबर डिस्कवर भलतीकडे सरकलेले, मग काय, एस१०६ अबेंडचा (प्रोग्रॅम लोड होतानाच कोसळण्याचा एरर) पाऊस आणि रात्री दोनला माझा फोन.

तेव्हापासून मी जुन्या लायब्ररीला हातच लावत नाही. नवीन नावाची लायब्ररी, सेकंडरी स्पेस (जागा संपली की मिळणारी वाढीव जागा) शून्य (चालू असताना नवीन एक्स्टेंट, म्हणजे डिस्कवरचा जागेचा नवा तुकडा, घेतला की पुन्हा तीच बोंब), मग सेटप्रॉग कमांडने चालू सेटची (सेट म्हणजे लिंकलिस्टची एक आवृत्ती) कॉपी डिफाइन करायची, जुनी काढून नवी घालायची, टेस्ट देऊन मॉड्यूल (प्रोग्रॅम) नक्की कुठून उचललं जातंय ते बघायचं आणि मगच ॲक्टिव्हेट. हा टेस्ट ऑप्शन लोक वापरतच नाहीत, का ते देव जाणे!

ॲक्टिव्हेटनंतर नवीन जॉब नव्या सेटवर जातात, आधीपासून चालू असलेलं सीआयसीएस (व्यवहार हाताळणारी, सतत चालू असणारी सिस्टिम) वगैरे रिस्टार्ट होईपर्यंत जुन्यावरच राहतं. म्हणून जुनी लायब्ररी लगेच उडवू नका. अपडेट देऊन सगळ्यांना जबरदस्तीने नव्यावर ढकलता येतं पण मॅन्युअलमध्येच धोका लिहिलाय, मी प्रॉडक्शनला कधीच देत नाही.

एक स्टार कापला कारण पार्मलिबच्या (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) प्रॉग मेंबरमध्ये बदल आपणच लिहायचा, विसरलात तर पुढच्या आयपीएलला सगळं परत जुनं.