दीड एकराला पंधरा एचपी: घरच्या छोट्या ट्रॅक्टरबद्दल

दीड एकराला स्वतःचा ट्रॅक्टर कशाला, हे मला बँकेतल्या जुन्या मैत्रिणींपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. हिशोबाने त्यांचं बरोबर आहे. आमच्या पुरंदरात मोठा ट्रॅक्टर रोटाव्हेटरसकट (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) तासाला हजाराच्या आसपास मिळतो. आमचं वर्षाचं काम भाड्याने पंधरा हजारांत सहज निघेल. आणि ट्रॅक्टर, तीन फुटी रोटाव्हेटर, फण, छोटी ट्रॉली, फवारणीचा पंप असं सगळं मिळून माझे पाच लाखांच्या वर गेले. आयुष्य कर्जप्रकरणं तपासण्यात गेलं. हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी दुपारच्या चहाच्या आत नामंजूर केलं असतं.

तरी घेतला, आणि विकायचा विचार नाही. कारण वाफसा, म्हणजे पावसानंतर जमीन मशागतीला योग्य तेवढी ओली असते ते दिवस.

माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते त्याच्या आगेमागे आमच्याकडे पहिला कामाचा पाऊस होतो. आमचं वरचं रान मुरमाड. पाणी खाली निघून जातं आणि जमीन हाताला येते ती जेमतेम दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं की पुन्हा दगड. खालच्या तुकड्यात थोडी काळी माती, तिथे उलटं: घाई केली की नुसती ढेकळं निघतात, आणि ती महिनाभर फुटत नाहीत. त्या दोन दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. माझ्या चुलत दिरांचा पंचेचाळीस एचपीचा आहे. "वहिनी, उद्या सकाळी नक्की" म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण पाच एकराचं सलग रान सोडून आमच्या झाडांच्या बेचक्यात ते का येतील? मीही आले नसते. आता पहाटे मातीचा गोळा मुठीत दाबून बघायचा, बोटाने फुटला की चावी फिरवायची. पाच लाख मी ह्यासाठी दिले.

शिवाय मोठा ट्रॅक्टर अंजिराच्या बागेत शिरतच नाही. झाडं पंधरा-पंधरा फुटांवर लावलेली आहेत हे कागदावर. चार-पाच वर्षांत फांद्या दोन्ही बाजूंनी आत येतात आणि मधे सात-आठ फूट उरतात, तेही कमरेच्या उंचीवर. सीताफळाच्या फांद्या तर फळ धरलं की जमिनीला टेकायला बघतात. पूर्वी बागेच्या आतलं तण आम्ही बायका लावून खुरपून घ्यायचो. आता खुरपायला माणसं मिळत नाहीत. जी आहेत ती सकाळी टेम्पोत बसून हडपसरकडे कामाला जातात.

कंपनीचं नाव लिहीत नाही. डीलर नात्यातला आहे आणि दिवाळीला त्याच्याकडे फराळाला जायचं असतं. एका सिलिंडरचा, पाण्याने थंड होणारा, डिझेलवरचा पंधरा एचपीचा, रुंदी साडेतीन फुटांच्या आत, वजन पाऊण टनाच्या पुढे. ह्या वर्गातले बहुतेक एकाच साच्याचे असतात, त्यामुळे पुढचं लिहिलेलं थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू आहे.

घेण्याआधी डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शनात जाऊन आले, आणि ते फार बरं झालं. शोरूममध्ये एकाच कंपनीचं कौतुक ऐकावं लागतं. मोशीला सगळे ओळीने उभे असतात आणि प्रत्येकावर चढून बसता येतं. कुबोटाच्या निओस्टारची बैठक आणि आवाज मला सगळ्यांत आवडला. तीन सिलिंडर, चारही चाकांना जोर. किंमत ऐकून खाली उतरले. महिंद्राचा ओजा 2023 साली आला, तोही चारचाकी जोराचा, 21 एचपीपासून पुढे. दोन-अडीच एकर आणि चढ असेल त्याने तो नक्की बघावा. स्वराजचा कोड 2021 चा, 11 एचपी, पेट्रोलवर चालणारा. भाजीपाल्याच्या आंतरमशागतीला तो छान, पण मला पाण्याची टाकी ओढायची होती. राजकोटच्या कॅप्टनचे आणि बंगळुरूच्या व्हीएसटीचे छोटे ट्रॅक्टर आमच्या भागात बऱ्याच बागांमधून दिसतात. गंमत म्हणजे जॉन डिअरचा कारखाना आपल्या सणसवाडीला, नगर रोडवर, आणि त्यांचा बागेसाठीचा अरुंद ट्रॅक्टर 28 एचपीचा. दीड एकराला तो म्हणजे पोस्टकार्ड टाकायला एसटी घेऊन जाण्यासारखं. आकुर्डीच्या फोर्सनेही बागेसाठी छोटा ट्रॅक्टर काढला होता, पण 2024 मध्ये त्यांनी ट्रॅक्टरचं कामच बंद केलं. जुना स्वस्तात मिळाला तर सुट्या भागांची चौकशी आधी करा.

आता चालवण्याबद्दल. माझी उंची पाच फूट. सीट पुढे ओढूनही क्लच पूर्ण दाबायला मला टेकलेली पाठ सोडून पुढे सरकावं लागायचं. सासवडच्या वेल्डरने पेडलवर पट्टीचा तुकडा जोडून दिला, तेव्हापासून त्रास नाही. स्टिअरिंगला पॉवर नाही. चालताना हलकं, जागेवर वळवायला गेलात तर दंड भरून येतात. उपाय सोपा आहे, ट्रॅक्टर सरकत असतानाच वळवायचा. बांधाच्या टोकाला आतल्या बाजूचा ब्रेक वेगळा दाबला की गर्रकन फिरतो. ही दोन ब्रेकची युक्ती मला मनापासून आवडते. मात्र रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडलं खिटीने एकत्र जोडायची. नाहीतर वेगात एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

थरथर खूप आहे. एका सिलिंडरचं इंजिन कुठल्याही कंपनीचं असो, हँडल हातात दीड तास धरलं की बोटांना मुंग्या येतात. मी तासाभराने उतरते, पाणी पिते, रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळलेलं गवत काढते. अर्थात इंजिन बंद करून, चावी खिशात घालून.

सायलेन्सर उभा असतो तो बागेत फांद्यांना लागतो, आणि तापलेल्या नळीला पानं चिकटून करपतात. खालून निघणारा सायलेन्सर मागून घ्या, बहुतेकांकडे मिळतो. उलटल्यावर वाचवणारी डोक्यामागची लोखंडी कमान बागेतल्या फांद्यांना आडवी येते, म्हणून सरसकट लोक ती काढून ठेवतात. हे मला मान्य नाही. दुमडणारी कमान मिळत असेल तर ती घ्या. बागेत दुमडा, बाहेर आलात की उभी करा आणि पट्टा लावा.

कारण छोट्या ट्रॅक्टरचा खरा धोका हाच आहे. अरुंद असल्यामुळे तो बागेत जातो आणि अरुंद असल्यामुळेच उताराला कलंडतो. आमच्या वरच्या रानाला चांगला ढाळ आहे. तिथे मी उताराला आडवी कधीच चालवत नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. मागच्या रिमा उलट्या लावून चाकांमधलं अंतर वाढवून घेतलंय आणि मागच्या टायरांत पाणी भरलंय. त्याने बूड जड होतं आणि पकडही वाढते. चढावर ओझं ओढताना पुढची चाकं हलकी होतात, म्हणून पुढे वजनाच्या पाट्या. ट्रॉलीचा हूक खालीच लावायचा. वर टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी साखळी बांधून ओढणारे वीर गावोगावी आहेत आणि ट्रॅक्टर पाठीवर पडतो तो असाच. उताराला न्यूट्रल नाही, क्लचही दाबायचा नाही. ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं.

कपड्यांचंही सांगते, कारण हे कुठल्या माहितीपत्रकात बायकांसाठी लिहिलेलं मी पाहिलं नाही. पीटीओचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या अवजाराला देणारा दांडा मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी किंवा पदर त्यात गेला तर माणसाला ओढून सोडवेपर्यंत काही उरत नाही. दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण फुटलं की त्याच दिवशी बदला. मी ट्रॅक्टरवर यजमानांच्या जुन्या पँटा घालते. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, लोक काय म्हणतील?" आता त्याच कुणी साडी नेसून फवारणीपाशी आलं की लांबूनच ओरडतात.

काम म्हणाल तर तीन फुटी रोटाव्हेटरने एकराला दोन-अडीच तास लागतात. डिझेल तासाला दोन लिटरच्या आत, नुसती ट्रॉली ओढायची तर लिटरभर. पण रोटाव्हेटर म्हणजे सर्व काही असं समजून दर पंधरवड्याला फिरवू नका. माती वरून रव्यासारखी दिसते आणि खाली चार-पाच इंचांवर कडक थर बसतो, मग पाणी मुरत नाही. अंजिराची बारीक मुळं तर वरच्याच थरात पसरलेली असतात, खोल गेलात की झाड रुसलंच म्हणून समजा. मी बुंध्याजवळ जातच नाही, मधल्या पट्ट्यात तीन इंचांवर चालवते, आणि वर्षातून एकदा फण घालते. मुरमात पाती फार लवकर झिजतात. एक सेट घरात हवाच.

फवारणीत मात्र पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. दमट हवेत अंजिरावर तांबेरा आला की तो थांबत नाही, आठवड्यात पानं गळायला लागतात. पूर्वी पाठीवरच्या पंपाने बाग संपवायला एवढा वेळ लागायचा की शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या ओळीत पुन्हा ठिपके दिसायचे. आता मागे टाकी, पीटीओवर पंप, दोन गन. एका सकाळी काम आटोपतं.

आणि घरकाम! हे कोणी आधी सांगत नाही, पण घराभोवतीच्या ट्रॅक्टरचं निम्मं आयुष्य ह्यातच जातं. शेणखत, दगड, छाटलेल्या फांद्या, वाळू, बहिणीकडचं जुनं कपाट. एप्रिल-मे मध्ये खालच्या विहिरीवरून घरापर्यंत हजार लिटरची टाकी. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा, अर्धी भरली की वळणावर पाणी हिंदकळतं आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. दिवे घाटातून पुण्याला नेऊ का, असं पुतण्याने विचारलं होतं. नाही. ताशी वीस-पंचवीसचा वेग, मागे कंटेनरची रांग, आणि पाठीमागे दिवा नसलेली ट्रॉली. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते, तीही करून घ्या.

देखभालीत फार काही नाही. एअर क्लीनर तेलाचा आहे. धुळीच्या दिवसांत त्याचं तेल दर आठ-दहा तासांनी बघावं लागतं, नाहीतर इंजिन माती खातं. बेअरिंग, ऑइल सील, बेल्ट असलं साधं सामान नाना पेठेत मापावर मिळतं. डीलरच्या मेकॅनिकबद्दल मात्र नाराजी आहे. पहिली सर्व्हिस व्यवस्थित झाली. हंगामात हायड्रॉलिकने दगा दिला, लिफ्ट वर उचलली की हळूहळू खाली यायची, तेव्हा हे गृहस्थ आठवडाभर "निघालोच" म्हणत होते. शेवटी गावातल्या मिस्त्रीने सील बदललं. नात्यातला डीलर असण्याचा तोटा म्हणजे धड भांडताही येत नाही.

पैशाचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय. मी आधी घेतला, तुम्ही नशीबवान. अनुदानासाठी महाडीबीटी ह्या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) हाताशी ठेवायचा. महिला आणि अल्पभूधारकांना दर जास्त असतो. पूर्वसंमती येण्याआधी खरेदीची पावती फाडली तर अनुदान विसरा. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी समाजकल्याणची 90 टक्क्यांची वेगळी योजना आहे, 3 लाख 15 हजारांपर्यंत.

अर्धा एकर असेल आणि झाडं नसतील तर पॉवर वीडर (मागे चालत चालवायचं तण काढायचं छोटं यंत्र) घ्या, ट्रॅक्टर नको. सपाट, मोकळं, सलग रान असेल तर भाड्याचाच परवडतो. झाडं असतील, ढाळ असेल, पाणी वाहावं लागत असेल आणि दिराच्या "उद्या सकाळी"ला कंटाळला असाल तर पंधरा ते वीस एचपीमध्ये बघा. शोरूमवाल्याला म्हणा, रोटाव्हेटर जोडून आमच्या बागेत आणा, दोन ओळी चालवून दाखवा आणि मग मला चालवू द्या. जो यायला तयार होईल त्याच्याशीच भावाचं बोला.