ओशाची एनआरटीएल यादी: अमेरिकेला मशीन पाठवणाऱ्यांनी आधी उघडावी

भोसरीत आमचं पॅकिंग मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. पहिलं मशीन ओहायोला गेलं तेव्हा कंट्रोल पॅनलवर सीईचं, म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांचं चिन्ह होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. तिथल्या सेफ्टी इंजिनिअरने पहिल्याच दिवशी लाल टॅग लावला. सीईचं चिन्ह बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच लावतो, आणि अमेरिकेत कामाच्या जागी ते चालत नाही. तिथे एनआरटीएलचा, म्हणजे ओशा या कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने मान्यता दिलेल्या लॅबचा शिक्का लागतो. शेवटी लॅबची माणसं बोलावून जागेवर तपासणी करून घेतली. तीन आठवडे मशीन बंद, आणि ग्राहकाला तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

आता ऑर्डर घेण्याआधी ओशाच्या वेबसाइटवरची यादी उघडतो. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. पण लॅबचं नाव दिसलं म्हणून तिथेच थांबू नका! मान्यता सरसकट नसते, ठरावीक मानकांपुरती असते. आमच्या पॅनलला यूएल ५०८ए हे कंट्रोल पॅनलचं मानक लागतं, तर त्या लॅबच्या पानावर नेमकं तेच शोधायचं. लॅबचं नोंदणीकृत चिन्हही यादीतून ताडून बघता येतं. एका दलालाने आणलेलं प्रमाणपत्र असंच उघडं पडलं.

१९८८ पासूनची ही व्यवस्था मला मनापासून पटते. ओशा स्वतः मशीन तपासत नाही, तपासणाऱ्यांचं ऑडिट करते. पहिली मान्यताही पाचच वर्षांची.

मोबाइलवर मात्र मानकांचे लांबलचक तक्ते वाचताना डोळे दुखतात. कॉम्प्युटरवरच बघा. पाचपैकी साडेचार.